पंचाहत्तर शब्द आणि एक खिंडार

सोमवार, ४ ऑक्टोबर १९९९

त्या सकाळी मी आधी चुलीतली राख काढली. मग कोळसा भरला, कोंबड्या सोडल्या, लापशी ढवळली. वॉल्टरच्या डाव्या हातमोज्याचा अंगठा फाटला होता, तो शिवला. त्याने दारात बसून बूट चढवले आणि म्हणाला, "दहाला चहा घेऊन ये. आज कुंपणाच्या आतली भर घालायला तुझे हात लागतील." तो वरच्या कुरणाकडे गेला. मी भांडी घासली, दोन चादरी धुऊन वाळत टाकल्या, बटाटे सोलले. दुसरं काही केलं नाही. चहा घेऊन वर गेले तेव्हा तो अर्धवट दगडी कुंपणाला टेकून बसला होता, मांडीवर एक दगड घेऊन. मला वाटलं, दम खातोय.

वॉल्टरला जाऊन साडेचार वर्षं झाली. ही वही लॉर्डसाहेबांच्या कामासाठी म्हणून विकत आणली आणि पहिल्या पानावर हेच उतरलं. आता पान फाडत नाही. लॉर्डसाहेबांसाठी दुसरी आणीन.

काम असं आहे. लंडनहून पत्र आलंय. बापाची पदवी मुलाला मिळाली म्हणून वरच्या सभागृहात बसायचं, हे सरकार बंद करतंय. सातशेच्या वर माणसं घरी जाणार, नव्वदएक उरणार. कोण उरणार ते त्यांनीच नावांपुढे पसंतीचे आकडे घालून, आपापसांत मतं देऊन ठरवायचं. लॉर्डसाहेब कुठल्याच पक्षाचे नाहीत. पक्ष नसलेल्यांच्या बाकांना अठ्ठावीस जागा आहेत. उभं राहायचं असेल तर आपण का हवे आहोत ते लिहून पाठवायचं, पंचाहत्तर शब्दांच्या आत. शहात्तरावा चालणार नाही.

"मिसेस हेब्डन," लॉर्डसाहेब म्हणाले, "पंचाहत्तर शब्दांत मी जेमतेम हवामानाबद्दल बोलून होतो."

गुरुवार, ७ ऑक्टोबर

सकाळभर टाइपरायटरसमोर बसून राहिले. ते बोलतात, मी टाइप करते, ते खोडतात. एकोणीस वर्षं हेच काम आहे. टाइपिंग मी फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून पुस्तक आणून शिकले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. बाकी जे काही येतं ते त्या गाडीतून आलं.

पहिला मसुदा तीनशे बारा शब्दांचा झाला. त्यात बेकार मुलांचा तो नियम होता, की पोर आठवडाभर कोणाची फुकट सेवा करायला गेलं तर त्याचा बेकारी भत्ता कापतात. तो बदलावा म्हणून लॉर्डसाहेब तीन वर्षं सभागृहात उभे राहून बोलतायत. जागा गेली तर ते काम अर्ध्यावर राहणार. एवढं सगळं या कागदावर अडकलंय, आणि माणूस कागदावर स्वतःचं नाव घालायला तयार नाही!

मी म्हटलं, "साहेब, यात 'मी' कुठे आहे?"

"'मी' कशाला हवाय?"

"तुम्हाला मत मागायचंय म्हणून."

ते लाल झाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण स्वतःची स्तुती करायची म्हटलं की शाळकरी पोरासारखा बूट बघतो. त्यांची बहीण मिस हेस्टर खिडकीत कुत्र्याची गोचीड काढत बसली होती. ती म्हणाली, "याचं थडगं बांधाल ना, तेव्हा नीट लक्ष ठेवा. हा त्याच्यावर कुत्र्याचं नाव कोरून घेईल."

"कुत्रा त्या लायकीचा आहे," लॉर्डसाहेब म्हणाले.

शनिवार, ९ ऑक्टोबर

घरात बसवेना. चमचे घासले, परत घासले. मग लॉर्डसाहेब आले आणि वरच्या कुरणापर्यंत चालायचं का म्हणाले. मी नाही म्हटलं असतं, पण पाय आधीच वळवळत होते.

खालच्या वाटेने गेलो. वाटेत त्यांनी स्वतः बांधलेला तुकडा लागतो, तो मधेच फुगलाय. वॉल्टर त्याला 'लॉर्डसाहेबांचं पोट' म्हणायचा, त्यांच्या तोंडावर. ते कामाला येणाऱ्या मुलांच्या प्रत्येक नव्या टोळीला तो तुकडा दाखवतात आणि सांगतात, "असं बांधू नका." १९६१ साली ब्रॅडफर्डहून बारा पोरं तबेल्यावरच्या खोल्यांत राहायला आली तेव्हापासून लॉर्डसाहेबांची 'हातभार' योजना चालू आहे. म्हाताऱ्यांच्या बागा खणायच्या, पायवाटा दुरुस्त करायच्या, कुंपणं बांधायची. का सुरू केलंत असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, युद्धात आमच्या घराचं इस्पितळ झालं. मी पंधरा वर्षांचा होतो. एका आंधळ्या सैनिकाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. तोपर्यंत मी कोणाच्या काही उपयोगाला आलो नव्हतो. नुसता वारस होतो.

वर वॉल्टरच्या अर्धवट कुंपणातलं खिंडार तसंच आहे. सात पावलं रुंद. वॉल्टर गेल्यापासून तिथे लाकडी फाटक आडवं करून निळ्या सुतळीने बांधलंय. साडेचार वर्षांत इतक्या टोळ्या आल्या, डोंगरापलीकडची कुंपणंसुद्धा बांधून झाली, पण इथे कोणी हात लावला नाही. दगड गवतात बुडत चाललेत. एवढ्या मोठ्या जमिनीच्या मालकाला सात पावलं दिसू नयेत?

"मिसेस हेब्डन, याचं काय करावं, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. मागच्या वर्षीही विचारलं होतं.

मी म्हटलं, "फाटक आहे की. मेंढ्या बाहेर जात नाहीत."

"नाही जात," ते म्हणाले. मग बराच वेळ टोपी हातात धरून उभे राहिले. विसरभोळे होत चाललेत. वारा कसला होता, आणि टोपी डोक्यावर घालायचं भान नाही.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

शेवटी मीच लिहिलं. कागद उद्याच्या टपालाने जायलाच हवा आणि यांचं अजून "काही लोकांच्या मते कदाचित" असंच चाललं होतं. मी म्हटलं, तुम्ही बागेत जा. ते गेले.

मी लिहिलं, की अडतीस वर्षांत चार हजारांवर मुलांनी यांच्या हाताखाली काम केलं. की हे त्यांच्याबरोबर तेच साधं सूप पितात आणि ताटं धुतात. की हे सभागृहात एकाच विषयावर बोलतात आणि तो विषय यांचा स्वतःचा नाही. पेन्सिलीने प्रत्येक शब्दाखाली टिंब देत मोजलं. त्र्याहत्तर भरले. दोन उरले म्हणून शेवटी 'खरा माणूस' घातलं.

मिस हेस्टरने चष्मा लावून वाचलं. "एल्सी, हा कोण देवमाणूस आहे? आमच्या घरात असा कोणी राहत असता तर मी त्याला बाथरूममधून लवकर बाहेर यायला सांगितलं असतं."

लॉर्डसाहेबांनी उभ्यानेच वाचलं. म्हणाले, "फार सुरेख लिहिता तुम्ही." मग म्हणाले, "यातलं अर्धं वॉल्टरचं आहे."

मी म्हटलं, यात वॉल्टरचं नावसुद्धा नाही.

"नाही," ते म्हणाले. "तेच म्हणतोय."

मला काही कळलं नाही. मी स्वच्छ टाइप करून दिलं, लिफाफ्यावर पत्ता घातला. टपाल मी नेते म्हटलं तर म्हणाले, नको, मी टाकीन.

बुधवार, १३ ऑक्टोबर

टाइपरायटरची फीत पुढे सरकलेली दिसली. मिस हेस्टरने हात लावला असणार. तिला किती वेळा सांगितलंय, झाकण घालत जा.

रविवार, १७ ऑक्टोबर

आता जे दिसतं ते मोजत सुटलेय. पाद्रीबाबांचं आजचं प्रवचन मी मनात पंचाहत्तरात बसवलं, काही बिघडलं नाही. दूधवाला फाटकात उभा राहून बायकोच्या पायाबद्दल बोलतो, ते चारशेच्या आत येत नाही. वॉल्टरच्या थडग्यावर नाव, दोन तारखा आणि 'कुंपण बांधणारा'. तेव्हा एवढंच सुचलं. आज तिथे उभं राहून वाटलं, उरलेले शब्द गेले कुठे?

लॉर्डसाहेबांचंही चित्त थाऱ्यावर नाही. दोनदा स्टेशनवर जाऊन गाड्यांच्या वेळा विचारून आले. त्या त्यांना तीस वर्षं पाठ आहेत.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

लंडनहून छापील पुस्तिका आली. सगळ्या उमेदवारांचे पंचाहत्तर-पंचाहत्तर शब्द. मी लिफाफा फोडला, कारण टपाल फोडणं माझं काम आहे. कोणी लिहिलंय की मी शेती जाणतो, कोणी की माझं घराणं सहाशे वर्षं हजर आहे. एकाने तर नुसत्या चार ओळी लिहून भागवलंय. मग लॉर्डसाहेबांचं, केल्डरबी हे नाव सापडलं. ते मी टाइप केलेलं नव्हतं. इथे उतरवून ठेवते.

"माझी जागा मला जन्माने मिळाली, त्यात माझं कर्तृत्व नाही. वॉल्टर हेब्डन नावाच्या दगडी कुंपण बांधणाऱ्या माणसाने सव्वीस वर्षं शहरातल्या मुलामुलींना विनामोबदला शिकवलं की बिनकामाचा दगड नसतो. त्याचं शेवटचं खिंडार अजून उघडं आहे. त्याची पत्नी म्हणेल तेव्हाच ते बुजेल. अशी माणसं या सभागृहात कधी येणार नाहीत. त्यांच्याविषयी बोलायला इथे कोणीतरी हवं. ते काम माझ्यापेक्षा चांगलं करणारा कोणी उमेदवार असेल, तर कृपया त्यालाच मत द्या. तोपर्यंत या मुलांसाठी मी रोज हजर राहीन, आणि जमेल तितकं वेळेवर येईन."

मोजले. पंचाहत्तर आहेत.

पुस्तिका त्यांच्या टेबलावर ठेवली आणि कोट घालून घरी आले. अकरा वाजले होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी जेवणाच्या सुट्टीआधी निघाले.

शनिवार, २३ ऑक्टोबर

चीड गेली नाही. स्वतःसाठी मत मागायला दिलेले शब्द कोणी मेलेल्या माणसावर खर्च करतं का? "त्यालाच मत द्या!" असं कोणी लिहितं का? त्या बेकार पोरांचं काय होणार आता? आणि मी म्हणेन तेव्हा म्हणजे काय? मला कोणी कधी विचारलं? एवढे मोठे लोक, आपल्या कुरणातलं खिंडार एका टायपिस्टच्या गळ्यात मारून मोकळे.

मागचं दार उघडं राहावं म्हणून लावलेला दगड पायाला लागला, अंगठा ठेचला. तो वॉल्टरच्या मांडीवरचा दगड आहे. वॉल्टर मुलांना पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचा, की एकदा उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, त्याला जागा शोधायची. हा खाली ठेववला नाही म्हणून मीच त्या दिवशी घरी आणला.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

सोमवारपासून परत कामावर जाते. लॉर्डसाहेब आणि मी फक्त पत्रांबद्दल बोलतो. मिस हेस्टर म्हणाली, "तुम्ही दोघं असे वागताय जसं काही कोणी कोणाच्या ताटात शिंकलंय."

शाहीनचा फोन आला. ती सोळा वर्षांची असताना ब्रॅडफर्डहून आली होती. पहिल्या दिवशी तिने कुंपणाच्या पोटात फावड्याने खडी ओतली आणि वॉल्टरने सगळी हाताने काढायला लावली. आता तीच टोळ्या घेऊन येते. सहा नोव्हेंबरला सोळा जण येतायत. कुंपण शिकवायला यायचा होता त्या माणसाचं मनगट मोडलंय.

"मिसेस एच., तुम्ही शिकवा ना."

"मी टायपिस्ट आहे."

"हो का? आणि माझ्या खडीतला एकेक दगड उचलून 'हा असा बसव' म्हणून दाखवत कोण बसलं होतं? वॉल्टर तर कधीच चहा प्यायला गेला होता!"

"ते वेगळं. बाहेरचे दगड तो लावायचा. मी नुसती मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर घालायचे."

"भर नसली तर काय होतं?"

मी म्हटलं, पोट येतं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी तिला सरळ सांगितलं, टोळीला बागा खणायला लाव.

मग आल्याचा पार्किन केक केला. पाच नोव्हेंबरच्या रात्री गावात शेकोटी पेटवतात, त्याच्या आठ दिवस आधी करून डब्यात ठेवला नाही तर तो मऊ पडत नाही. दोन केले. सोळा जणांना एक कसा पुरणार?

बुधवार, ३ नोव्हेंबर

लॉर्डसाहेब सातच्या गाडीने लंडनला गेले. मी स्टेशनवर जाऊन डब्यात भरून सँडविच दिले. त्यांनी घेतले, म्हणाले, "मिसेस हेब्डन, तुम्हाला विचारायला हवं होतं मी. छापायच्या आधी."

मी म्हटलं, "हो, हवं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"हो."

गाडी आली म्हणून बरं.

दिवसभर हॉलमधले दिवे पुसले, हजेरीची जुनी पुस्तकं लावली. प्रत्येक वर्षाच्या पहिल्या पानावर वॉल्टरचं अक्षर आहे. 'आले', 'गेले', 'परत आले'. त्याने कधी जास्त लिहिलं नाही.

रविवार, ७ नोव्हेंबर

शुक्रवारचं लिहायचं राहिलं.

निकाल दुपारी कळला. रेडिओवर सगळी नावं सांगत नाहीत. लॉर्डसाहेबांनीच लंडनच्या स्टेशनवरून फोन केला. मिस हेस्टरने उचलला. ती फक्त "बरं. बरं, ऑब्री. जेवलास का?" एवढंच म्हणाली. त्यावरून मला कळलं. अठ्ठावीस जागा होत्या, हे चौतिसावे आले.

संध्याकाळच्या गाडीने परतले. गावातली पोरं माळावर लाकडं रचत होती. मी दिवाणखान्यात चहा आणि पार्किन नेला. मिस हेस्टर विस्तवापाशी पाय पसरून बसली होती.

"एक विचारते," ती म्हणाली, "स्वतःला मत दिलंस का?"

"हेस्टर, ते बरं दिसत नाही."

"देवा! सहाशे वर्षं या देशावर राज्य केलं आणि स्वतःच्या नावापुढे आकडा घालता येत नाही!" ती उठून कुत्र्याला घेऊन बाहेर गेली. जाताना तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, ते मी एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघंच उरलो. ते केक खात होते. म्हणाले, "त्या भत्त्याच्या नियमाचे कागद आता दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हवेत. निवडून आलेल्यांपैकी दोघांना विचारून आलोय. एक जण हो म्हणालाय. त्याचं बोलणं माझ्यापेक्षा बरं आहे." मग म्हणाले, "माझा तुमच्यावर काही हक्क नव्हता. पण मला त्या कागदावर खरं लिहायचं होतं. स्वतःबद्दल लिहायला बसलो की खरं काही सापडेना."

मला त्यांचा राग आठवेना. आठवायचा प्रयत्न केला.

मग मी सांगितलं. या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलंय की त्या सकाळी बटाटे सोलले आणि दुसरं काही केलं नाही. ते खरं नाही. बटाटे सोलून झाल्यावर मी ओट्याला टेकून पुस्तक उघडलं. वाचनालयाच्या गाडीतलं, दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं. दहा वाजले ते ऐकू आलं. वाटलं, हा भाग संपवू आणि निघू. वीस मिनिटं उशीर झाला. तेव्हापासून सकाळचं मी वाचत नाही. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, ते म्हणतील की त्याने काही फरक पडला नसता. डॉक्टर तेच म्हणाले होते, पाद्रीबाबाही. लॉर्डसाहेब तसं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणतं पुस्तक होतं?"

"एका बाईचं. एकटी होडीतून समुद्रावर गेलेली."

"चांगलं होतं का?"

"होतं."

"पुढे काय झालं तिचं?"

"माहीत नाही. मी तसंच परत केलं."

त्यांनी मान डोलावली. बाहेर माळावर कोणीतरी पहिला फटाका लावला आणि कुत्रा भुंकला. त्यांनी ताटलीतले तुकडे बोटाने गोळा करून खाल्ले आणि विचारलं, "शाहीनची मुलं उद्या किती वाजता येणार?"

"नऊला."

"मग बागाच खणू या," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता ताटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दाराला लावलेला वॉल्टरचा दगड उचलला, वॉल्टरचे हातमोजे घातले आणि नऊच्या आधी वरच्या कुरणावर गेले. निळी सुतळी कापली. मुलं आली तेव्हा त्यांना गवतातले दगड वेचायला लावलं, आतली भर हाताने कशी घालायची ते दाखवलं, आणि तो दगड लावला.